खुणेची थापी

सारजामाय कुंभारीण माझ्या दुकानात पहिल्यांदा आली तेव्हा तिनं मला नाव विचारलं नाही. दारात उभी राहून तिनं आधी दुकानाचा वास घेतला, मग भिंतीला टेकवलेल्या फळ्यांवरून नजर फिरवली आणि मग माझ्याकडं पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, आधीच काहीतरी लपवून बसलेल्या माणसाकडं पाहावं तसं पाहिलं.

आमचं सुतारकामाचं दुकान कारंज्यात, कुंभारपुऱ्याकडं जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी होतं. वडील वारल्यावर ते माझ्याकडं आलं. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो. गाड्यांची चाकं, वखरांची दिंडं, दारं-चौकटी, पोळपाट असं सगळं करत होतो. ही दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या चार-सहा वर्षं आधीची गोष्ट. पुढं मी शाळेत सुतारकाम शिकवलं, मास्तर म्हणवून घेतलं, पुष्कळ माणसांसाठी पुष्कळ वस्तू केल्या. पण एखादी फळी हातात घेऊन बोटानं वाजवली की अजूनही मला त्या बाईचीच आठवण येते.

"तुहा बाप आदी लाकूड दाखवे," ती म्हणाली.

"मी पण दाखवतो, माय. काय पायजे?"

"थापी."

मी सागाची एक फळी काढून पुढं ठेवली. तिनं ती गालाला लावली. ओलं लाकूड गालाला गार लागतं, हे मला नंतर कळलं. मग चुलीवरच्या भाकरीला मारावी तशी बोटांनी टिचकी मारली आणि मान तिरपी करून ऐकत राहिली.

"हे झाड कुठलं?"

"मानोऱ्याकडच्या जंगलातलं."

"कवा तोडलं?"

"मागच्या उन्हाळ्यात."

"तू होता काय तठी?"

"मी कशाला असेन?"

"मंग कसं सांगतं?"

तिनं एकामागून एक सगळ्या फळ्या वाजवल्या, शेवटी चिंचेचा एक जाड तुकडा निवडला आणि कमरेच्या चंचीतून खिळा काढून त्यावर तीन बारीक रेघा ओढल्या.

"खूण कशाला, माय?"

"तू बदलशीन तं."

मला राग आला. ते तिच्या ध्यानात आलं असावं, कारण ती म्हणाली, "तू चोर नाईस. पर मी कोनावर असाच भरोसा ठेवत नाई, पाहून ठेवतो." आणि खरोखरच थापी तयार होईपर्यंत ती समोर पाटावर बसून राहिली. मी तहान लागून आत पाणी प्यायला उठलो, तर तिनं तो तुकडा उचलून मांडीवर घेतला.

थापी म्हणजे दिसायला साधी गोष्ट. वीतभर रुंद पातं आणि मुठीत मावेल असा दांडा. पण कुंभाराचं निम्मं काम तिच्यावर. सारजामायचा नवरा फार आधी वारला होता. चाकाला बाईनं हात लावायचा नाही अशी रीत, म्हणून तिचा धाकटा दीर गोविंदा चाकावर जाड भिंतीचं मडकं काढायचा आणि दोऱ्यानं कापून बाजूला ठेवायचा. ते थोडं सुकलं की सारजामाय मांडीवर घ्यायची. डाव्या हातानं आतून भाजक्या मातीचा गोळा धरायची आणि बाहेरून त्याच जागी उजव्या हातानं थापी मारत जायची. गोळा आणि थापी यांच्यामधे माती दबायची, पातळ व्हायची, मडकं फुगत जायचं. हात आत असतो, भिंत किती जाड उरली ते डोळ्यांना दिसत नाही. ते सारजामायला आवाजावरून कळायचं. थापी पडताना आवाज बदलला की ती पुढच्या जागेवर जायची. साऱ्या कारंज्यात तिच्या घागरीइतकी हलकी घागर नव्हती, आणि तिची घागर गळली असं कोणी सांगितलेलं मला आठवत नाही.

पहिली थापी तिनं हातात घेतली, वाजवली आणि परत दिली. "इच्यात गाठ हाये."

"कुठं दिसते?"

"दिसत असती तं मी निवडली असती काय? पान्यात टाक."

मी हौदात टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पात्याला मधोमध केसाएवढी चीर गेलेली. तेव्हापासून तिच्या संशयाला मी हसायचं सोडलं. आवडू मात्र तो मला कधी लागला नाही.

संशय तिच्या अंगातच होता. घराबाहेर जाताना ती उंबऱ्यावर चुलीतली बारीक राख पसरायची, मागं कोणी आत गेलं तर पाऊल उमटावं म्हणून. थापी, गोळा, दोरा आणि काठ पुसायचं फडकं असं सगळं एका धडप्यात बांधून उशाशी घेऊन झोपायची. दळण आणलं की पीठ चाखून पाहायची. गोविंदाची बायको रुखमा एकदा माझ्या घरी येऊन हसत म्हणाली होती, "बाई मले रागवत नाई, मारत नाई. पर भाजीत मीठ टाकलं तरी माह्या हाताकडे पाह्यते." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. लग्न होऊन आल्यापासून सारजामायनंच तिला लेकीसारखं वागवलं होतं. नुसतं ते वागवणं डोळ्यांत तेल घालून होतं, इतकंच.

एकदा उद्योगखात्याचे एक साहेब गावोगाव फिरत कारंज्याला आले. कुंभारांना नवी अवजारं वाटायची होती. पुऱ्यातल्या लिंबाखाली त्यांनी पेटी उघडली. लोखंडाच्या खरवडण्या, गुळगुळीत लाकडी सुऱ्या, पाणी शोषून घेणारा समुद्रातला स्पंज, आणि दोन टोकांना लाकडी मुठी लावलेली पितळेची बारीक तार. मडकं चाकावरून कापायला दोऱ्याऐवजी ती तार. लोक वस्तू उचलायला लागले. सारजामाय लांब उभी.

"बाई, तुम्हीही घ्या. फुकट आहे," साहेब म्हणाले.

"फुकट काऊन?"

"सरकारनं दिलंय."

"सरकारले माह्या मडक्याचं काय पडलं?"

साहेब हसले. सारजामाय हसली नाही. पेटीजवळ बसून तिनं एकेक वस्तू हातात घेतली. खरवडणी अंगठ्याच्या नखावर ओढून पाहिली आणि ठेवली. "गंजन." लाकडी सुरीचा वास घेतला आणि ठेवली. "तेल चोपडलं हाये, लाकूड लपवाले." स्पंज पिळला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं करून टाकून दिला. तार मात्र तिनं दातांत धरून ओढली, बोटाभोवती गुंडाळून सोडली आणि ती सरळ होते का ते पाहिलं. मग गोविंदाला मातीचा गोळा आणायला लावून ती त्यातून ओढली. काप आरशासारखा आला. तिनं तो काप बराच वेळ पाहिला.

"हे घेतो."

साहेबांनी कागद पुढं केला. अंगठा पाहिजे होता.

"अंगठा नाई द्याची मी."

"मग वस्तू देता येत नाही, बाई."

ती घरी गेली आणि एक नवी घागर घेऊन आली. साहेबांच्या पायाशी ठेवली, त्यात स्वतःचा जुना दोरा टाकला आणि तार उचलून निघून गेली. साहेब माझ्याकडं पाहत राहिले. त्यांनी ती घागर बरोबर नेली हे मी पाहिलं आहे.

ही झाली तिची चांगली वर्षं. पुढं एका हिवाळ्यात ती नवी थापी करून घ्यायला आली, आणि तिथून सगळं बिघडलं. त्यात माझा किती हात होता ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

नेहमीसारख्या तिनं फळ्या वाजवल्या. त्या दिवशी तिला फार वेळ लागला. एकच फळी चार-चारदा वाजवी, कान जवळ नेई. मधेच मला म्हणाली, "तू काय पुटपुटून राह्यला?" मी काहीच बोललो नव्हतो. शेवटी तिनं एक तुकडा निवडून खिळ्यानं तीन रेघा ओढल्या. तिनं तो वाजवला तेव्हा मला त्याचा आवाज बसका वाटला होता. लाकडात कुठंतरी दोष होता. सांगायला तोंड उघडलं, आणि समोर त्या रेघा दिसल्या. इतक्या वर्षांनंतरही ही बाई मी लाकूड बदलीन म्हणून खूण करते. म्हटलं, तिनंच निवडलं आहे, घेऊन जाऊ दे. थापी करून दिली. ती हातात घेऊन तिनं माझ्याकडं न पाहता वाजवली आणि धडप्यात बांधली.

दोनेक महिन्यांनी भर दुपारी गोविंदा आला. हा माणूस मुळात कमी बोलणारा, आणि बोललाच तर खाली मान घालून, छातीतल्या छातीत. त्यानं धोतराच्या घोळातून तीच थापी काढली.

"अशीच दुसरी पायजे. अशीच. खूण पन."

"खूण कशाला?"

"कर ना बाप्पा. वयनीले सांगू नोको."

"आणि ही?"

"ही राहू दे अठी. चुलीत टाक."

मला त्यात काळंबेरं दिसलं. दीर-भावजयीत काही बिनसलं असेल, रुखमाला हाताशी धरून हा घर ताब्यात घ्यायच्या बेतात असेल, असं माझं मन एकातून एक काढत गेलं. तरी मी थापी करून दिली, चांगल्या जुन्या चिंचेची, आणि तीन रेघाही ओढल्या. खरं सांगायचं तर त्या रेघा ओढताना मला थोडी मजा वाटली. जुनी थापी मी कोपऱ्यातल्या भंगारात टाकली.

फाल्गुनात पाण्याच्या मडक्यांचे दिवस सुरू होतात. त्या वर्षी सारजामायचा पहिला आवा उघडला तर निम्मी मडकी तडकलेली. आवा म्हणजे मडकी भाजायची रचलेली भट्टी. महिनाभराचं काम त्यात असतं. दुसरा आवाही तसाच निघाला. सगळी मडकी एकाच तऱ्हेनं गेलेली, पोटाशी एखाद्या जागी भिंत कागदासारखी पातळ. पुऱ्यातल्या बायका कुजबुजायला लागल्या. सारजामाय तिसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आली. हातात थापी होती.

"ही माही थापी नाई."

"तीन रेघा आहेत की."

"रेघा हायेत. वजन नाई. माह्या हाताले समजते." तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. "अशी दुसरी तू केली काय, किसना?"

खोटं बोलायचं मला धाडस झालं नाही. "केली. गोविंदानं सांगितली होती. तुम्हाला सांगू नको म्हणाला."

ती वळली. मी तिच्या मागं गेलो. अंगणात गोविंदा माती तुडवत होता. सारजामायनं ती थापी त्याच्या पायाशी टाकली.

"तू बदलली?"

गोविंदानं मान खाली घातली. त्याचे ओठ हलले. मी कुडाशी उभा होतो, मला शब्द ऐकू आले नाहीत.

"बोलत काऊन नाईस? माही मडकी फोडून तुले काय भेटलं? रुखमाले थापी देयाची होती तं मले सांगतास. मी देली असती."

त्याचे ओठ पुन्हा हलले. रुखमा दारातून पुढं यायला निघाली, तर त्यानं हातानंच तिला थांबवलं.

"तुह्या भावानं तुले माह्या मांडीवर ठेवलं होतं," सारजामाय म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आता नोको राहू अठी."

दोन दिवसांनी गोविंदा आणि रुखमा गाडीत चार भांडी घालून कामरगावला, रुखमाच्या माहेरी निघून गेले. मी दुकानाच्या दारात होतो. गोविंदानं माझ्याकडं पाहिलं नाही. पुऱ्यात सगळ्यांनी त्यालाच दोषी धरलं, आणि मी त्यात होतो.

सारजामाय एकटी राहिली. कच्ची मडकी शेजारच्या घरून आणून ती थापायची. मी तिला नवी थापी करून दिली, यावेळी लाकूड मीच पारखून घेतलं. आवा उघडला, मडकी तडकलेलीच. ती परत आली.

"याच्यातबी खोट हाये."

मी दुसरी केली. मग तिसरी. प्रत्येक थापी ती वाजवायची आणि ठेवून द्यायची. "मुकी हाये." चौथी शिसवीची केली, घंटेसारखी वाजत होती. तीही तिनं ठेवून दिली. आता गोविंदा तर कारंज्यात नव्हता. मग हिची मडकी फोडत कोण होतं?

ती पाटावर बसून पाचवीचं लाकूड निवडत होती. मी मागच्या भिंतीशी फळ्या लावत होतो. हात निसटला आणि सागाची एक मोठी फळी वरून फरशीवर आदळली. समोरच्या दुकानातला माणूस उठून उभा राहिला, बाहेर गाडीचे बैल बिचकले. सारजामाय हातातला तुकडा वाजवत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मी तिथंच उभा राहिलो. मग हलक्यानं हाक मारली, "माय." मग मोठ्यानं. मग तिच्या समोर जाऊन बसलो, तेव्हा तिनं मान वर केली.

कोपऱ्यातल्या भंगारात मी हात घातला. गोविंदानं टाकून दिलेली थापी अजून तिथंच होती. ती बोटानं वाजवली. फुटक्या खापरीसारखी वाजली. दांड्याच्या मुळाशी आतून चीर होती, नीट पाहिल्यावर दिसली. हीच तिनं निवडलेली, हिच्याच लाकडाचा बसका आवाज मी ऐकला होता आणि गप्प बसलो होतो. गोविंदानं ती बदलली होती ती तिला कमीपणा येऊ नये म्हणून. तिचा कान गेला आहे हे त्याला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

मी ती फुटकी थापी आणि ती शिसवीची, दोन्ही तिच्यासमोर एकेकदा वाजवल्या.

"कोणती चांगली, माय?"

तिनं कान पुढं केला. "परत वाजव."

मी वाजवली.

"दोन्ही मुक्या."

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं माझ्या हातातून फुटकी थापी घेतली, उलटी करून आपल्या तीन रेघा पाहिल्या, मग नखानं दांड्याजवळची ती चीर चाचपली. आपला हात कानाशी नेला, टिचकी वाजवली, आणि हात मांडीवर ठेवला.

"मले वाटलं, लोकंच हळू बोलून राह्यले," ती म्हणाली. "गोविंदा अन् रुखमा घरात कुजबुजते. बाजारात बाया कुजबुजते. मी आली का चूप होते. दोन वर्ष झाले. मले वाटलं, सारा गाव माह्या मांगं काई करून राह्यला."

मग तिनं विचारलं, "त्या दिशी अंगनात तो बोलला होता काय?"

"ओठ हलले होते, माय. मलाही ऐकू आलं नाही."

ती उठली. फुटकी थापी पदराखाली घेतली. शिसवीची मी पुढं केली, ती तिनं घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी कुंभारपुऱ्यात तिच्या घराला कडी होती. उंबऱ्यावर राख नव्हती. कामरगावला माल नेणाऱ्या गाडीवर बसून ती पहाटेच गेली, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. तिथं काय झालं ते मला पुढं रुखमानं सांगितलं. सारजामाय दारात आली, चुलीपुढं बसली आणि ती फुटकी थापी तिनं आपल्या हातानं जाळात घातली. गोविंदा बाहेरून आला तेव्हा ती जळत होती. थापी जळून गेल्यावर ती रुखमाला म्हणाली, "आता तू थाप. मी पाह्यतो." आणि मग, "भाकर टाक. सकायपासून उपाशी हाओ."

मी तिला शेवटची पाहिली ती दोन-तीन वर्षांनी, कामरगावच्या बाजारात. मी लग्नाच्या खरेदीला गेलो होतो. ती मडक्यांच्या राशीमागं गोणपाटावर बसली होती, बाजूला गोविंदा. केस सगळे पांढरे झाले होते. मला तिनं लगेच ओळखलं. मी मोठ्यानं बोलायला लागलो, तर तिनं हातानं थांबवलं.

"वरडू नोको. तोंड माह्याकडे ठेव अन् बोल."

मी बोललो. घरचं, दुकानाचं सांगितलं. त्या फळीबद्दल बोलायचं मनात होतं, इतकी वर्षं होतं. कसं काढावं ते सुचेना. ती माझ्याकडं पाहत होती, पहिल्या दिवशी दारात उभी राहून पाहिलं होतं त्याहून जास्त बारकाईनं.

"फळी निवडली त्या दिशी तुह्या तोंडावर होतं, किसना," ती म्हणाली. "मी पाह्यलं नाई. मी आयकत बसली होती."

मी मान खाली घातली.

"वर पाह्य," ती म्हणाली. "खाली पाह्यलं तं मले काई समजत नाई."

मी वर पाहिलं. माझ्या तोंडावर तिला काय दिसलं असेल, कोण जाणे. तिनं मान हलवली आणि गोविंदाला म्हणाली, "किसनाले पानी दे."

तेवढ्यात एक बाई येऊन घागर निवडायला लागली. तिनं एक उचलली, बोटाच्या पेरानं वाजवली. सारजामाय माझ्याकडची नजर काढून पुढं वाकली. घागरीकडं तिनं पाहिलंच नाही, ती त्या बाईच्या भुवयांकडं पाहत होती. बाई काही बोलायच्या आत सारजामायनं ती घागर तिच्या हातातून काढून घेतली, मागं ठेवली आणि दुसरी पुढं सरकवली.

बाईनं तीही वाजवली. सारजामाय वाट पाहत राहिली.